रेडिंगचे ७६९ दावे : गरज नसलेल्या हृदयशस्त्रक्रियांचे एक प्रकरण

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, सॅक्रामेंटो या राजधानीपासून सुमारे २५० किलोमीटरवर, रेडिंग हे मध्यम आकाराचे शहर आहे. २००० सालच्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८० हजारांच्या थोडी वर होती. ३० ऑक्टोबर २००२ रोजी तेथील रेडिंग मेडिकल सेंटर या खासगी रुग्णालयावर केंद्रीय तपास यंत्रणांनी छापा घातला आणि हृदयविभागाच्या नोंदी ताब्यात घेतल्या. हृदयरोग विभागाचे प्रमुख डॉ. चे ह्यून मून आणि हृदयशस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. फिडेल रियालवास्केझ गरज नसलेल्या रुग्णांवर कॅथेटरच्या तपासण्या (धमनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन, क्ष-किरणांची चित्रफीत घेऊन केलेल्या) आणि बायपास शस्त्रक्रिया करत आहेत, आणि त्यांची बिले मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेकडे पाठवली जात आहेत, असा एफबीआयच्या शपथपत्रातील आरोप होता. आपण काही गैर केल्याचे दोघांनीही कधी मान्य केले नाही.

पुढच्या तीन वर्षांत या प्रकरणाचे तीन वेगवेगळे हिशेब मिटले. ऑगस्ट २००३ मध्ये रुग्णालय आणि त्याची मालक कंपनी टेनेट हेल्थकेअर यांनी सरकारला ५ कोटी ४० लाख डॉलर दिले. वैद्यकीय गरज नसलेल्या उपचारांच्या बिलांबद्दल तोवर झालेली ही सर्वांत मोठी वसुली होती. डिसेंबर २००४ मध्ये टेनेटने ७६९ रुग्णांच्या दाव्यांपोटी ३९ कोटी ५० लाख डॉलरचा निधी देण्याचे मान्य केले. नोव्हेंबर २००५ मध्ये डॉक्टरांनीही सरकारशी आणि रुग्णांशी तडजोड केली. गुन्हेगारी खटला कोणावरही भरला गेला नाही.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांविषयी विचार करताना मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्याचे कारण त्यातील रकमा नव्हेत. असा दावा सामान्यतः वाईट परिणामातून जन्माला येतो: रुग्ण दगावतो, अवयव निकामी होतो, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होतो, आणि मग कोणीतरी विचारते की हे असे का झाले. रेडिंगमध्ये मात्र अनेक वादी असे होते, ज्यांची शस्त्रक्रिया वैद्यकीय भाषेत यशस्वी झाली होती. ते चालत घरी गेले होते, डॉक्टरांचे ऋण मानत होते, आणि छाप्याची बातमी आली नसती तर त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी वकिलाचे तोंड पाहिले नसते. नुकसान झालेल्या माणसाला आपले नुकसान झाले आहे हेच ठाऊक नसते, तेव्हा नुकसानभरपाईच्या कायद्याचे काय होते, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

जून २००२

रेडिंगमधील काही डॉक्टरांना या हृदयविभागाबद्दल बऱ्याच आधीपासून शंका होती. अंतर्गत वैद्यकाचे एक स्थानिक तज्ज्ञ डॉ. पॅट्रिक कॅम्पबेल यांनी आपल्या रुग्णांच्या बाबतीत अशा शंकास्पद उपचारांची उदाहरणे पाहिली होती आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे ते बोललेही होते. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. विभागाचा नावलौकिक मोठा होता, उत्तर कॅलिफोर्नियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशातून रुग्ण तेथे येत होते, आणि ज्या विभागावर संपूर्ण रुग्णालयाचे उत्पन्न उभे आहे, त्याच्या प्रमुखाविरुद्ध छोट्या शहरातील एका डॉक्टरचे म्हणणे पुरेसे ठरले नाही.

प्रकरणाला तोंड फुटले ते एका रुग्णामुळे. जॉन कोरापी हे दूरचित्रवाणीवरील प्रवचनांमुळे प्रसिद्ध असलेले कॅथॉलिक धर्मगुरू जून २००२ मध्ये डॉ. मून यांच्याकडे तपासणीसाठी गेले. कॅथेटरची तपासणी झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की त्यांचा आजार गंभीर आहे आणि तातडीने तिहेरी बायपास करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेआधी ते आपल्या एका मित्राच्या आग्रहावरून नेव्हाडा राज्यातील लास वेगासला गेले. तेथील तज्ज्ञांनी तपासून सांगितले की शस्त्रक्रियेची काहीही गरज नाही. कोरापी यांनी परत येऊन रुग्णालयाच्या प्रशासनाकडे तक्रार केली आणि तेथे समाधान न झाल्याने एफबीआयकडे गेले.

ही घटना नशिबाचा खेळ म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. दुसरे मत मिळाले ते शस्त्रक्रियेच्या आधी, आणि तेही अशा डॉक्टरांकडून, ज्यांचा रेडिंगच्या रुग्णालयाशी कसलाही व्यावसायिक संबंध नव्हता. शस्त्रक्रिया झाली असती तर त्याच धमन्यांवर नव्या वाहिन्या जोडल्या गेल्या असत्या, आणि आधी तेथे काय होते हे सांगण्यासाठी जुन्या चित्रफितीखेरीज काही उरले नसते. ‘लगेच केले नाही तर जीव जाईल’ असे सांगितल्यावर दुसऱ्या राज्यात जाऊन मत घेणारा रुग्ण विरळाच असतो. ज्यांच्याजवळ तेवढी साधने नव्हती किंवा ज्यांना तेवढा धीर झाला नाही, त्या लोकांनी संमतिपत्रावर सही केली.

यशस्वी शस्त्रक्रियेची अडचण

एखाद्या हृदयविभागाचा दर्जा सामान्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण, गुंतागुंतींचे प्रमाण आणि रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस यांवरून ठरवतात. हे तिन्ही निकष एका गोष्टीपुढे पूर्णपणे निरुपयोगी ठरतात. ज्याचे हृदय मुळात निरोगी आहे, तो माणूस बायपासमधून आजारी माणसापेक्षा अधिक चांगल्या रीतीने बाहेर पडतो. त्यामुळे गरज नसलेल्या शस्त्रक्रिया जितक्या वाढतात, तितके विभागाचे आकडे सुधारतात. मृत्युदर कमी दिसतो, कीर्ती वाढते, अधिक रुग्ण येतात. रुग्णालाही बरे वाटते, कारण जो आजार नव्हता तो आता नाही.

ज्या आकड्यांतून संशय यायला हवा होता, ते वेगळे होते. एका प्रदेशातील दर हजार लोकांमागे किती कॅथेटर तपासण्या आणि किती बायपास होतात, या मोजणीत रेडिंगचा परिसर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. मेडिकेअरच्या बिलांवरून तयार होणारी ही प्रादेशिक तुलना सर्वांना उपलब्ध होती. ती पाहून कोणी प्रश्न विचारला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. एखाद्या प्रदेशात हृदयरोग खरोखरच अधिक असू शकतो हे मान्य, पण तसे असेल तर ते तपासून पाहण्याचे काम कोणाचे तरी असायला हवे, आणि ते कोणाचेच नव्हते.

धमनीत किती अडथळा आहे

दाव्यांचे पुराव्याचे स्वरूप समजण्यासाठी थोडे वैद्यक समजून घ्यावे लागते. अँजिओग्राफीत मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांची चित्रफीत घेतात. धमनी कोठे अरुंद झाली आहे हे त्या चित्रात दिसते. सर्वसाधारणपणे व्यास ७० टक्के किंवा त्याहून अधिक घटला असेल, आणि डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत ५० टक्के किंवा अधिक, तर तो अडथळा लक्षणीय मानतात. हा आकडा बहुतेक वेळा डॉक्टर डोळ्यांनी अंदाजून लिहितात. एकच चित्र पाहून एक डॉक्टर ६० म्हणेल आणि दुसरा ७५, हे प्रामाणिकपणेही घडते आणि वैद्यकात सर्वांना ठाऊक आहे.

याच मतभेदाच्या जागेत बचाव उभा राहतो. प्रतिवादीचा वकील म्हणतो की हा निदानाचा प्रश्न आहे, निदान हे मत आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत वेगळे असले म्हणून पहिला निष्काळजी ठरत नाही. ६० आणि ७५ यांच्यातील वादाला हे उत्तर योग्यच आहे. परंतु अहवालात ९० लिहिलेले असेल आणि चित्रात धमनी जवळजवळ स्वच्छ दिसत असेल, तर तो मतभेद राहत नाही. अशा प्रकरणात वकिलाने सर्वांत आधी मूळ चित्रफीत मिळवली पाहिजे, केवळ तिचा लेखी अहवाल नव्हे, असे माझे ठाम मत आहे. अहवाल ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच लिहिलेला असतो, आणि चित्रफीत यंत्राने घेतलेली असते. ती रुग्णाचे नाव आणि पहिल्या डॉक्टरचा निष्कर्ष झाकून दोन-तीन स्वतंत्र तज्ज्ञांना दाखवली, तर त्यांच्या उत्तरांतील एकवाक्यता ज्यूरीला समजते.

दुसरा पुरावा रुग्णाच्या लक्षणांचा आणि त्याच्यावर आधी झालेल्या उपचारांचा असतो. चालताना छातीत दुखत होते का, ट्रेडमिलवरची ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) झाली होती का, औषधे देऊन पाहिली होती का, या प्रश्नांची उत्तरे नोंदीत नसतील किंवा नकारार्थी असतील, तर चित्राचा अर्थ बदलतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या करेज या चाचणीत २,२८७ रुग्णांचा अभ्यास झाला, आणि स्थिर हृदयविकारात उत्तम औषधोपचाराला अँजिओप्लास्टीची (अरुंद धमनी फुग्याने रुंद करून तिथे बहुधा स्टेंट ही जाळीदार नळी बसवण्याची) जोड दिल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी होत नाहीत असे दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, आणि तिनेही औषधांनी सुरुवात करण्याच्या धोरणाला बळ दिले. रेडिंगच्या डॉक्टरांना या नंतरच्या ज्ञानाच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. परंतु रेडिंगमधील आरोप स्थिर हृदयविकारात स्टेंट घालावा की नाही या सूक्ष्म वादाचा नव्हताच. ज्यांच्या धमन्यांत लक्षणीय अडथळा नव्हता अशा माणसांची छाती उघडली गेली, असा तो आरोप होता, आणि तो २००२ च्याच काय, १९९२ च्या ज्ञानानेही तपासता आला असता.

नुकसान कोणते

‘माणूस जिवंत आहे, हिंडतोफिरतो आहे, मग भरपाई कशाची?’ हा प्रश्न अशा दाव्यांत उघडपणे विचारला जातो, आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते.

बायपासमध्ये छातीचे हाड उभे कापतात, पायातली शीर किंवा छातीच्या आतील बाजूची धमनी सोडवून घेतात, आणि ती हृदयाच्या धमनीवर अडथळ्याच्या पुढे जोडतात. बहुतेक वेळा हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर सोपवावे लागते. पक्षाघात, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड आणि मृत्यू हे धोके थोडे असले तरी खरे आहेत, आणि आजार असेल तरच ते पत्करण्याला अर्थ असतो. ज्याला फायद्याची शक्यता शून्य आहे, त्याच्यासाठी लहानसा धोकाही पूर्ण तोट्याचा असतो.

याहून महत्त्वाचे नुकसान नंतर होते, आणि ते सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. मूळ धमनीतून रक्त नीट वाहत असेल, तर जोडलेल्या नव्या वाहिनीतून रक्त ओढले जाण्यासाठी लागणारा दाबातला फरकच उरत नाही. तिच्यातील प्रवाह मंदावतो, ती आक्रसते आणि पुष्कळदा बंद पडते. छातीच्या धमनीपासून केलेल्या जोडणीत हे विशेषतः आढळते. दुसरीकडे, जोडणीच्या अलीकडच्या भागात मूळ धमनीतील विकार बायपासनंतर अधिक वेगाने वाढतो, असेही दिसून आले आहे. म्हणजे निरोगी धमनीवर केलेली जोडणी स्वतः निकामी होऊ शकते आणि जाता जाता ती धमनीही बिघडवू शकते. शिवाय वापरलेल्या शिरा परत मिळत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी त्या माणसाला खरोखरच बायपासची गरज पडली, तर शल्यविशारदाला दुसऱ्यांदा छाती उघडावी लागते, आणि जोडण्यासाठी चांगली वाहिनी मिळणेही कठीण होते. दाव्यातील भविष्यकालीन वैद्यकीय खर्चाचा भाग या गोष्टींवर उभा राहतो.

आणि मग मनाचे नुकसान. आपण हृदयरोगी आहोत असे समजून ज्यांनी नोकरी सोडली, प्रवास टाळला, जड कामे बंद केली, त्यांची ती वर्षे कोणत्याही नोंदीत सापडत नाहीत. ती आजारपणाची वर्षे नव्हती हे त्यांना नंतर कळले.

कायद्याची चौकट

कॅलिफोर्नियात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांना १९७५ चा मायक्रा या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू होतो. त्या काळच्या तरतुदींनुसार वेदना आणि मानसिक क्लेश यांबद्दलची भरपाई जास्तीत जास्त २ लाख ५० हजार डॉलर होती, आणि १९७५ पासून २०२२ अखेरपर्यंत हा आकडा महागाईप्रमाणे वाढलाच नाही. उत्पन्नाचे नुकसान आणि उपचारांचा खर्च यांवर मर्यादा नव्हती. पण रेडिंगमधील वादींत वृद्ध माणसे पुष्कळ होती. त्यांचे उत्पन्न पगाराचे नव्हते आणि उपचारांचे बिल मेडिकेअरने भरले होते. म्हणजे ज्यांची छाती विनाकारण उघडली गेली, त्यांचे मोजता येणारे नुकसान कागदावर थोडेच होते आणि न मोजता येणाऱ्या नुकसानीच्या भरपाईवर मर्यादा होती. वकिलाचे शुल्कही वसुलीच्या प्रमाणात उतरत्या टक्केवारीने बांधलेले होते, आणि स्वतंत्र हृदयरोगतज्ज्ञांची साक्ष महाग असते. एकट्यादुकट्या वृद्धाचा असा दावा घ्यायला वकील का तयार होत नसत, हे यावरून समजते. ७६९ दावे एकत्र आले म्हणून त्यांना वजन आले.

मुदतीचा अडथळा त्याहून मोठा होता. कायद्यानुसार दुखापतीपासून तीन वर्षे, किंवा ती लक्षात आल्यापासून अथवा वाजवी काळजी घेतली असता लक्षात आली असती तेव्हापासून एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तेवढीच मुदत मिळते. १९९७ साली बायपास झालेला माणूस २००२ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्र वाचून जागा झाला, तर तीन वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतात. या नियमाला फसवणूक आणि हेतुपुरस्सर लपवणूक यांचा अपवाद आहे. म्हणून फसवणुकीचा आरोप हा केवळ रागाचा उद्गार नव्हता. जुन्या रुग्णांचे दावे जिवंत राहण्यासाठी तो सिद्ध होणे भाग होते.

येथे वादींच्या वकिलांपुढे एक अवघड पेच येतो. फसवणूक सिद्ध केली तर मुदतीचा अडथळा दूर होतो, मायक्राच्या मर्यादेबाहेर जाण्याची वाट उघडते आणि दंडात्मक भरपाईही मागता येते. परंतु कॅलिफोर्नियाच्या विमा कायद्यानुसार जाणूनबुजून केलेल्या कृत्याची भरपाई विमा कंपनी करत नाही, आणि दंडात्मक भरपाईचाही विमा उतरवता येत नाही. म्हणजे आरोप जितका गंभीर ठरेल, तितके डॉक्टरच्या विम्याचे पैसे दूर जातात. म्हणून अशा प्रकरणात निष्काळजीपणा आणि फसवणूक हे दोन्ही आरोप शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि कोणत्या रुग्णाच्या बाबतीत कोणता पुढे करायचा हे त्याच्या चित्रफितीवरून आणि शस्त्रक्रियेच्या तारखेवरून ठरवावे लागते. मला हे वकिली कौशल्याचे काम वाटते, पण त्यात रुग्णाला खरे काय घडले ते सांगण्याचा हेतू मागे पडतो, हेही खरे आहे.

संमतीचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये कॉब्स विरुद्ध ग्रँट या खटल्यात सांगितले की निर्णय घेण्यासाठी रुग्णाला जी माहिती महत्त्वाची आहे, ती त्याला दिली पाहिजे. अस्तित्वात नसलेल्या आजारावरच्या उपचाराला दिलेली सही ही या अर्थाने संमती नव्हे.

रुग्णालय कशाला जबाबदार

कॅलिफोर्नियात रुग्णालये सहसा डॉक्टरांना नोकरीवर ठेवू शकत नाहीत. डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात आणि रुग्णालय त्यांना काम करण्याची मुभा देते. त्यामुळे ‘चूक झाली असेल तर ती डॉक्टरची’ हा रुग्णालयाचा पहिला बचाव असतो. १९८२ च्या एलाम विरुद्ध कॉलेज पार्क हॉस्पिटल या निर्णयाने तो बराचसा दुबळा केला. डॉक्टर निवडताना आणि नंतर वेळोवेळी त्यांच्या कामाचा आढावा घेताना वाजवी काळजी घेणे हे रुग्णालयाचे स्वतःचे कर्तव्य आहे, असे त्या निर्णयाने ठरवले.

मात्र हा आढावा घेणाऱ्या समित्यांची कागदपत्रे पुराव्याच्या कायद्याने संरक्षित आहेत आणि दिवाणी दाव्यात ती सहसा मागता येत नाहीत. डॉक्टरांनी एकमेकांबद्दल मोकळेपणाने बोलावे हा त्या संरक्षणाचा हेतू आहे, आणि तो मला मान्य आहे. पण जेथे आढावा नीट झालाच नाही असा आरोप आहे, तेथे ‘झालाच नाही’ हे सिद्ध करण्याचा मार्गही तेच संरक्षण बंद करते. मग उरतात ते बाहेरचे साक्षीदार: व्यवस्थापनाला कोणी काय सांगितले, कधी सांगितले आणि त्यावर काय केले गेले. कंपनीकडून दंडात्मक भरपाई मिळवायची असेल, तर तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना माहीत होते किंवा त्यांनी त्याकडे कानाडोळा केला, हे दाखवावे लागते. डॉ. कॅम्पबेल आणि कोरापी या दोघांनी प्रशासनाच्या दारात जाऊन सांगितले होते, हे येथे निर्णायक होते. टेनेटने एवढी मोठी रक्कम देऊन ज्यूरी टाळली, त्यामागे हा पुरावा असावा असे मी मानतो.

कंपनीवर दुसरा दबाव सरकारकडून होता. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी हे रुग्णालय मेडिकेअरमधून वगळण्याची प्रक्रिया सुरू केली. वृद्ध रुग्णांवर चालणाऱ्या रुग्णालयाला ही टाळे लावण्याचीच नोटीस असते. टेनेटने ते विकण्याचे कबूल केले, २००४ मध्ये विक्री झाली आणि रुग्णालयाचे नाव शास्ता रीजनल मेडिकल सेंटर असे झाले.

३९ कोटी ५० लाख डॉलर ७६९ जणांत विभागले तर सरासरी ५ लाख १३ हजार डॉलर येतात, म्हणजे मायक्राच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. त्यातून वकिलांचे शुल्क आणि खर्च वजा होतात, आणि ज्याची फक्त तपासणी झाली आणि ज्याचा बायपास झाला, यांचे नुकसान अर्थातच सारखे नसते.

गुन्हा का ठरला नाही

सरकारला मिळालेली वसुली फॉल्स क्लेम्स अॅक्ट या १८६३ च्या कायद्याखाली झाली, ज्यात सरकारला खोटी बिले देणाऱ्याविरुद्ध खासगी व्यक्तीही सरकारच्या वतीने दावा करू शकते आणि वसुलीचा वाटा मिळवू शकते. कोरापी आणि कॅम्पबेल यांच्या बाजूंनी छाप्यानंतरच्या काही दिवसांतच वेगवेगळे दावे दाखल झाले, आणि पहिला कोण (कारण पहिला दावा नंतरच्यांना रोखतो) हा वाद २००५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयापर्यंत गेला. छाप्यामुळे माहिती जाहीर झाली असल्याने, ज्याला ती स्वतःच्या अनुभवातून मुळातून ठाऊक होती त्याचाच दावा नंतरच्यांना रोखू शकतो, असे न्यायालयाने सांगितले.

नोव्हेंबर २००५ मधील तडजोडीत दोन्ही प्रमुख डॉक्टरांनी सरकारला प्रत्येकी १४ लाख डॉलर देण्याचे आणि मेडिकेअरच्या रुग्णांवर हृदयाचे उपचार न करण्याचे मान्य केले. गुन्हेगारी खटला भरला जाणार नाही हेही त्याच वेळी जाहीर झाले. अनेकांना हा अन्याय वाटला. मला तो निर्णय समजतो, तरी पटत नाही. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते की डॉक्टरला सत्य ठाऊक होते आणि तरीही तो खोटे बोलला. स्वतःच्या निदानावर मनापासून विश्वास असलेला अतिउत्साही डॉक्टर चूक करत असेल, पण गुन्हा करत नाही. पुढे इतर ठिकाणी सरकारी वकिलांनी हे धाडस केले. लुईझियानातील लाफायेत येथील एका हृदयरोगतज्ज्ञाला २००८ मध्ये ५१ आरोपांत दोषी ठरवून नंतर दहा वर्षांची शिक्षा झाली. केंटकीतील एका प्रकरणात सहाव्या सर्किटच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की धमनीतील अडथळ्याचे प्रमाण ही खरी-खोटी ठरवता येणारी वस्तुस्थिती आहे, आणि एक दिसत असताना दुसरे लिहिणे हे मत नव्हे. त्याच खटल्यात बचाव पक्षाला उपयोगी पडू शकणारी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली नसल्याचे नंतर उघड झाले आणि २०२० मध्ये नव्याने सुनावणीचा आदेश झाला, हेही सांगितले पाहिजे. चित्रफितीवर भिस्त ठेवणाऱ्या सरकारी पक्षालाही सर्व चित्रे आणि सर्व आढावे उघडे करावे लागतात.

रुग्णाला कोण सांगणार

रेडिंगमधील रुग्णांना आपल्या शस्त्रक्रियेबद्दल शंका घेण्याचे पहिले कारण मिळाले ते छाप्याच्या बातमीतून. त्यानंतर ज्याने त्याने आपली चित्रफीत मिळवली, दुसऱ्या शहरातील तज्ज्ञ शोधला, आणि काहींना ‘तुमची शस्त्रक्रिया आवश्यकच होती’ असेही उत्तर मिळाले. जे तोवर मरण पावले होते, त्यांच्या कुटुंबीयांना हे पाऊल टाकावे की नाही याचा निर्णय करावा लागला. जे दुसरीकडे राहायला गेले होते त्यांना बातमी कळली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावर नव्हती.

मेरीलँड राज्यातील टाउसन येथील सेंट जोसेफ मेडिकल सेंटरने यापेक्षा वेगळा मार्ग धरला. तेथील एका हृदयरोगतज्ज्ञाने बसवलेल्या स्टेंटबद्दल तक्रार आल्यावर रुग्णालयाने चित्रफितींची फेरतपासणी करवून घेतली आणि ५८५ रुग्णांना पत्रे पाठवून कळवले की त्यांना स्टेंटची कदाचित गरज नव्हती. २०१० मध्ये रुग्णालयाने सरकारशी २ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली, आणि जुलै २०११ मध्ये राज्याच्या वैद्यक मंडळाने त्या डॉक्टरचा परवाना रद्द केला. त्या डॉक्टरने आरोप नाकारले होते. पत्रे पाठवल्याने रुग्णालयावर शेकडो दावे ओढवले, हे खरे आहे, आणि त्यामुळे दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाचा विमासल्लागार पत्रे न पाठवण्याचा सल्ला देईल हेही उघड आहे.

पण पत्राची तारीख रुग्णाच्या बाजूनेही महत्त्वाची असते. मुदत ज्या दिवशी लक्षात आले त्या दिवसापासून मोजायची असेल, तर तो दिवस कोणता यावर रेडिंगसारख्या प्रकरणात प्रत्येक वादीशी स्वतंत्र वाद घालता येतो: बातमी कधी वाचली, कोणाशी बोलला, शंका कधी आली. रुग्णालयाने स्वतः लेखी कळवले, तर तो वाद पुष्कळसा मिटतो, फेरतपासणीचा निष्कर्ष रुग्णाच्या हाती येतो, आणि मूळ चित्रफीत जपून ठेवण्याचे कर्तव्यही त्याच दिवशी निःसंदिग्धपणे लागू होते. मायक्राच्या मर्यादा २०२३ पासून वाढवल्या गेल्या: मृत्यू न झालेल्या प्रकरणात ३ लाख ५० हजार डॉलर आणि मृत्यूच्या प्रकरणात ५ लाख डॉलरपासून सुरुवात करून त्या दरवर्षी टप्प्याटप्प्याने चढतात. दुखापतीपासून तीन वर्षे आणि ती लक्षात आल्यापासून एक वर्ष ही मुदत मात्र त्या बदलातही तशीच ठेवली गेली.